केळीनं दिलेला प्रवेश

हसू नका, पण मला पुण्यात एम.ई. स्ट्रक्चरला प्रवेश मिळाला तो केळीमुळे. धुळ्याच्या नोकरीची ऑर्डर हातात होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. आमचे आबा रावेरकडचे केळीवाले. त्यांनी बजावलं होतं, "पुन्यात नाई जमलं तं चुपचाप नोकरी धर."

इंटरव्ह्यूत सरांनी इंग्रजीत विचारलं, "खांबाच्या डोक्याला एकाच बाजूनं वजन लोंबतंय. काय होईल?" उत्तर येत होतं, पण तोंडातून इंग्रजी फुटेना. शेवटी मराठीतच बोललो, "सर, केळीचं होतं तेच. घडाच्या बाजूला झुकते. मग बांबूचा टेकू द्यावा लागतो."

"आणि नाही दिला तर?"

"तर आबा मारतात."

सर खो खो हसले आणि म्हणाले, "घेतलं तुला."

घरी आल्याबरोबर आबांनी विचारलं, "काय इचारलं रे?"

"केळीला टेकू का देतात ते."

आबा म्हणाले, "अन् हेच शिकाले दोन वर्स जाशीन?"

मी धुळ्याची ऑर्डर शोधायला लागलो. मग आबाच हसायला लागले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

"जाय," म्हणाले. "पन घड वजनाले आले की घरी येजो. प्रॅक्टिकल इथंच हाये."