करंगळीच्या नखाचं दार

मंडळी, आज आधी एक प्रश्न टाकतो. उत्तर लगेच देऊ नका, लगेच आलेलं उत्तर बहुतेक खोटं असतं. तुमच्या दाराशी सकाळी एक माणूस येतो. चपला काढतो, "आहेत का साहेब?" म्हणून विचारतो. तो आलाय कोणाकडे? तुमच्याकडे — की तुमच्या हातात जे काही आहे, त्याच्याकडे?

"आमच्याकडेच!" — हे कोण बोललं? सरपंच? बसा, बसा. शेवटी पुन्हा विचारणार आहे तुम्हाला.

आजचं आख्यान पुराणातलं नाही. फ्रान्स देशातलं आहे. हसा! पहिल्या रांगेतल्या मावशी विचारतायत, बुवा फ्रान्सला कधी गेले? नाही गेलो. अहो, लंकेला तरी मी कुठे गेलोय? तिथल्या अशोकवनाचं वर्णन तासभर करतो, तुम्ही माना डोलावता. मग फ्रान्सने काय घोडं मारलंय तुमचं? आणि मास्तर, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात शोधू नका, सापडायची नाही. ती माझी आहे.

तर होता एक राजा. त्याचा राजवाडा एवढा की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळायला दुपार व्हायची. एक राणी होती, परमुलखातून लग्न करून आणलेली. मोठी शांत बाई. आणि राणीशिवाय आणखी एक बाई होती. आपल्याकडे पेशवाईत अशा बाईला नाटकशाळा म्हणायचे. मावशी, पदर तोंडावर घेऊ नका, देवळात बसून सगळं ऐकता येतं, ऐकून काय शिकलो तेवढं बघायचं.

या बाईचं नाव क्लेमान्स. बाप हातमोजे शिवायचा. डोंगराकडच्या गावातली पोर, मापं घ्यायला म्हणून राजवाड्यात आली आणि राजाच्या नजरेत भरली. राजाने तिला आपल्या दालनाच्या वरच खोल्या दिल्या, मधून एक चिंचोळा जिना. झालं!

आता त्या राजवाड्याचा एक रिवाज सांगतो, आख्यान सगळं त्याच्यावर आहे. तिथे दार ठोठवायचं नाही. कडी वाजवायची नाही, हाक मारायची नाही. मग करायचं काय? डाव्या हाताच्या करंगळीच्या नखाने दार हळूच खरवडायचं. खर्र, खर्र. मांजर करतं तसं. मोठमोठे सरदार त्यासाठी ते एक नख वाढवायचे! दिगंबरपंत, तुम्ही हसताय, पण तुमच्या मृदंगाच्या शाईला कोणी नख लावलं तर तुम्ही काय करता ते ठाऊक आहे मला.

क्लेमान्सला हे कुठे माहीत? पहिल्याच दिवशी राणीच्या महालाचं दार तिने मुठीने धडाधडा वाजवलं, बापाच्या दुकानाचं वाजवायची तसं. आतल्या बायका हसून लोळल्या. त्या दिवशी पोरीने काय केलं? खोलीवर आली, रडली, आणि नख वाढवायला घेतलं.

दोन वर्षांत पारडं फिरलं. राजा तिला विचारल्याशिवाय पान हलवीना. कोणाला सेनापती करायचं, कोणाला धर्मपीठावर बसवायचं, कोणाशी लढाई आणि कोणाशी तह, सगळं त्या वरच्या खोलीत ठरायचं. सकाळी तिची वेणीफणी चालायची, आणि तेव्हाच लोकांनी भेटायचं. ती आरशासमोर, मागे केस विंचरणारी दासी पेरीन, आणि भिंतीला टेकून प्रधान, धर्मगुरू, सरदार हातात अर्ज घेऊन उभे! नवल वाटतं ना? वाटू नये. आपल्या देवाचा सकाळी शृंगार चालतो, तेव्हा तुम्ही काय घेऊन उभे असता? अर्जच की.

त्या नखांनी तिच्या दाराचा रंग उडाला. पांढरं-सोनेरी दार, पण हाताच्या उंचीवर लाकूड उघडं पडलेलं, बोटबोटभर खोल ओरखडे. रंगारी आला तर तिने परत पाठवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, बघा माझ्याकडे किती माणसं येतात. बिचारी! मला तिचा राग येत नाही, खरं सांगतो. ओरखडे मोजणारी माणसं मी गावोगाव पाहिलीत.

एकच गोष्ट तिला मिळाली नव्हती. राणीपुढे बसायचा मान. राणीच्या महालात रोज दरबार भरायचा आणि फार मोठ्या घराण्यातल्या बायकांनाच तिथे बसायला एक स्टूल मिळायचं. बाकीच्यांनी तीन-तीन तास उभं राहायचं. क्लेमान्स अकरा वर्षं उभी राहिली. राजाला म्हणाली, मला ते स्टूल द्या. राजा म्हणाला, ते माझ्या हातात नाही, रिवाज आहे. आणि राणी? तीन खोल्या पलीकडे नवरा, आणि त्याची खबर समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईच्या तोंडावर वाचायची. अकरा वर्षं. तिने कधी वावगा शब्द काढला नाही. पण जळत नसेल का ती? जळतच होती, माणूस होती.

आणि एक दिवस राजाला ताप भरला.

साधासुधा नाही. वैद्यांनी हात टेकले. तिथला धर्म असा, की मरणाच्या दारातल्या माणसाने पापांची कबुली द्यायची आणि धर्मगुरूने क्षमा करायची. धर्मगुरू म्हणाला, ती बाई या वाड्यात आहे तोवर मी क्षमा करणार नाही. हा धर्मगुरू कोणी नेमला होता? क्लेमान्सनेच! आजाऱ्याने मान डोलावली. हुकूम आला, सूर्य मावळायच्या आत बाहेर.

बाहेर म्हणजे कुठे? फाटकाशी गाव जमा झालेलं. लोकांचं म्हणणं, या बयेच्या पापानेच राजा आजारी पडला. पायी बाहेर पडली असती तर दगडांनी संपवली असती तिला. गाडी हवी, पडदे लावलेली. आणि तिच्या दिमतीच्या गाड्या सगळ्या राजाच्या. तबेल्यावाला म्हणाला, मला हुकूम नाही.

पेरीनला तिने व्हेरनेल सेनापतीकडे धाडलं. शिपाईगडी होता, क्लेमान्सने सेनापती केला. पेरीन परत आली, म्हणाली, साहेब घरी नाहीत म्हणे, पण त्यांची गाडी अंगणात उभी आहे, घोडे जुंपलेले आहेत. आणखी दोघांकडे पाठवलं. तेही घरी नाहीत. गोविंदराव, पेटी थांबवा जरा. ऐका. ती बाई पेटारा भरून खोलीत बसलीय, आणि कान दाराकडे. इतकी वर्षं त्या दारावर खर्र-खर्र थांबली नव्हती. आज सकाळपासून एकही नख नाही. ऊन खिडकीतून खाली-खाली उतरतंय. आणि तिला पहिल्यांदा वाटलं, की हे ओरखडे माझ्या दारावरचे नव्हतेच.

तेवढ्यात — धप!

दासी दचकली. पुन्हा धप, धप. उघड्या तळव्याने कोणीतरी दार बडवतंय! दोघींना वाटलं, शिपाई आले. पेरीनने दार उघडलं. बाहेर राणी. एकटी. मागे ना दासी, ना चोपदार.

तुम्ही म्हणाल, राणीला करंगळीचा रिवाज ठाऊक नव्हता का? अहो, तिला ते येतच नव्हतं! जन्मात ती कधी बंद दारासमोर उभी राहिली नव्हती. ती चालत आली की दारं आपोआप उघडायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिला एक दार बंद दिसलं, आणि काय करायचं ते कळेना, म्हणून तळव्याने मारलं.

आत आली. क्लेमान्सकडे बघून म्हणाली, "ते औषध घेत नाहीत. दोन दिवस झाले, दात घट्ट मिटून घेतात. मागच्या तापात तुझ्या हातून घेतलं होतं, असं ऐकलं. तू काय करतेस?"

थांबा इथे. त्या बाईच्या जागी जाऊन बसा जरा. हे तिच्या हातातलं शेवटचं हुकमाचं पान! गप्प राहिली, तर संध्याकाळी हेच लोक म्हणणार, आणा रे तिला परत, नाहीतर राजा जातो. सांगितलं, तर राजा राणीच्या हातून बरा होणार आणि हिची परतीची वाट कायमची बंद. तुम्ही सांगितलं असतं? मला माझी खात्री नाही.

क्लेमान्सने आपले हातमोजे एकदा उलटे केले, एकदा सुलटे. मग म्हणाली, "आधी मी पिते, राणीसाहेब. त्यांच्याच पेल्यातून, तोंड वाकडं न करता. लहानपणी त्यांना कोणीतरी गोड म्हणून कडू पाजलं होतं. तेव्हापासून विश्वास नाही बसत."

राणी म्हणाली, "त्यांच्याआधी? त्यांच्या पेल्यातून?"

कारण हा तिथे गुन्हा, बरं का. राजाच्या पेल्याला त्याच्याआधी कोणाचा ओठ लागायचा नाही. चाखणारा नोकरसुद्धा वेगळ्या भांड्यात घ्यायचा.

"हो," क्लेमान्स म्हणाली. "रिवाजात बसत नाही."

राणीने बसायला जागा शोधली. खोलीतल्या खुर्च्या तर केव्हाच नेलेल्या. ती त्या भरलेल्या पेटाऱ्यावर बसली. आणि शेजारी हात ठेवून म्हणाली, "बैस."

क्लेमान्सला कळेना. अकरा वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, ते असं पेटाऱ्यावर मिळेल हे तिला कसं कळावं? राणी पुन्हा म्हणाली, "बैस गं. मीही दमलेय." ती बसली आणि हमसून हमसून रडली. राणीही रडली. दोघी कोणासाठी रडल्या, ते मला विचारू नका. उठताना राणी म्हणाली, "माझी गाडी मागच्या दाराशी लावलीय. मी आज कुठे जाणार नाही."

राणीच्या गाडीवर दगड कोण मारणार? क्लेमान्स सुखरूप गावी पोचली. इकडे राणीने भर दरबारी वैद्यांसमोर पेला उचलला आणि आधी स्वतः प्यायली. राजाने बघितलं, आणि दात सोडले. वाचला!

आता गंमत ऐका. वर्षभराने आवई उठली, राजा तिला परत बोलावणार. झालं, निघाल्या गाड्या डोंगराकडे! पहिला कोण? व्हेरनेल सेनापती, फीत-झालर लावून. क्लेमान्स बापाच्या जुन्या घरात हातमोजे शिवत बसलेली. नख केव्हाच कापलं, सुईला अडत होतं. आणि घराचं दार कसं? अक्रोडाच्या लाकडाचं, चार बोटं जाड. सेनापती बाहेर उभा राहून करंगळीने खरवडतोय. आत काही ऐकूच येत नाही! ठोठवायचं तरी ना? पण राजवाड्यात आल्यापासून त्याने दार ठोठावलं नव्हतं, मूठ वळेना. सकाळी आला तो दुपारी उपाशी परत गेला. तिला कळलंसुद्धा नाही.

मात्र दरवर्षी एक गाडीवान यायचा, चाबकाच्या दांड्याने दार वाजवायचा आणि राणीची चिठ्ठी द्यायचा. एकच ओळ. "ते बरे आहेत. आधी मीच पिते अजून."

मंडळी, दोन वर्षांमागे माझा आवाज बसला. चार महिने कीर्तन बंद. एरवी तारखा मागायला उंबरा झिजवणारे कुठे गेले, देव जाणे. हे दिगंबरपंत तेवढे रोज यायचे. मला बोलता येईना, त्यांना मुळात बोलायची सवय नाही. दोघं मुकाट चहा प्यायचो. आज जाहीर सांगतो, त्या चहावर मी उभा राहिलो.

सरपंच, आता सांगा, तो सकाळचा माणूस कोणाकडे येतो? खाली बघू नका, मी एकट्या तुम्हाला विचारत नाहीये. या मंडपात बसलेल्या प्रत्येकाने आज आठवावं, की ज्याच्याकडे आपलं आता काही काम उरलेलं नाही, असा कोण माणूस बंद दाराआड बसलाय. उद्या तिथे जा. नीट ठोठवा, ऐकू जाईल असं.

आणि हा समोर उभा आहे ना, सावळा, सकाळपासून अर्ज ऐकून थकलेला? टाळ घ्या हातात. आज त्याच्याकडे काही मागायचं नाही. नुसतं नाव घ्यायचं, आणि मनात विचारायचं — देवा, तू बरा आहेस ना?