चोकची सळई आणि चौदा माणसं

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या वर्कशॉपचे मालक. आज सेवानिवृत्त होणारे आमचे स्टोअरकीपर, ज्यांना आपण सगळे नाना म्हणतो. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी. वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टरबाई. आणि कितीही साबण लावला तरी नखांतलं काळं न गेलेले माझे सहकारी बंधू आणि त्यांच्या घरची मंडळी, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याआधी चार वक्ते बोलले. नाना वक्तशीर, नाना शिस्तीचे, नानांचं अक्षर मोत्यासारखं. सगळं खरं आहे. पण चिठ्ठ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. इथं असा कोण आहे, की ज्याने त्या चिठ्ठ्यांवरून नानांना मनातल्या मनात शिव्या घातल्या नाहीत? साधा नट हवा असला तरी चिठ्ठी. खिडकीवर पाटी : 'तोंडी मागणी स्वीकारली जाणार नाही.' पेंटर तर म्हणायचा, "नानांकडे पाणी मागितलं तरी दोन प्रतींत अर्ज द्यावा लागेल."

ती पाटी लागण्याचं खरं कारण इथं दोनच माणसांना माहीत आहे. एक नाना, दुसरा मी. ते मी आज सांगणार आहे. मात्र जरा वळणाने जावं लागेल.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. डॉक्टरबाईंची जुनी गाडी माझ्याकडे आली होती. गाडी बाईंपेक्षा थोडीच लहान. बाई, माफ करा, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. कार्बोरेटर पूर्ण खोलून साफ केला, आणि राहिलं होतं ते फक्त चोकची जोडणी बसवायचं. आता गाडीत नुसतं बसणाऱ्यांसाठी सांगतो. थंड इंजिन सकाळी सहजासहजी उठत नाही. त्याला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. म्हणून कार्बोरेटरच्या तोंडावर एक झडप असते. डॅशबोर्डवरचा नॉब ओढला की तारेने ती झडप मिटते, नॉब आत ढकलला की उघडते. त्याच वेळी झडपेला जोडलेली एक छोटी वाकडी सळई इंजिनचा वेग थोडा वाढवते. एवढंच. पण हे जुळवायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून नॉब ओढायचा, दुसऱ्याने झडपेकडे बघायचं.

आणि त्या दिवशी माणसं कुठे होती? पेंटरच्या मुलीच्या लग्नाला! वर्कशॉपमध्ये मी होतो, आणि मालाची मोजदाद करायला थांबलेले नाना होते. बाईंना चार वाजता गाडी हवी होती. त्यांच्या थोरल्या बहिणीला इस्पितळातून घरी सोडणार होते, आणि बहिणीने बजावलं होतं, "मी त्याच गाडीतून येईन. तुला गाडी मी तिच्यावरच शिकवली."

अडचण एकच. नाना आणि मी तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

काय करणार? मी चिठ्ठी लिहिली : 'कृपया गाडीत बसावे. नॉब ओढल्यावर एक हॉर्न, आत ढकलल्यावर दोन हॉर्न.' खिडकीतून सरकवली. नानांनी चष्मा लावला, वाचली, खाली सही केली, 'मागणी मंजूर' असं लिहिलं आणि येऊन गाडीत बसले.

मी बॉनेटखाली डोकं घातलेलं, आणि हॉर्न माझ्या कानापासून वीतभर लांब! पहिला हॉर्न वाजला तेव्हा माझ्या हातातला पाना उडाला. दुसऱ्या खेपेला डोकं बॉनेटवर आपटलं. नाना आतून निर्विकार. ओढला, पों. ढकलला, पों पों. आणि इतकं होऊनही झडप अर्धीच उघडत होती. तार सैल केली, पुन्हा आवळली. गाडी सुरू केली तर काळा धूर, आणि दोन मिनिटांत बंद. घड्याळात तीन वाजून गेलेले. मला रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा नाना गाडीतून उतरले. माझ्याजवळ येऊन वाकले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा बोलले.

"सळईला बांधलेली चिठ्ठी वाचलीत का?"

"कसली चिठ्ठी?"

"स्टोअरमधून नवी सळई दिली, तेव्हा मीच बांधली होती."

चिठ्ठी माझ्या खिशात होती, चुरगळलेली. त्यांच्या अक्षरातलं काहीही वाचायचं नाही, असा माझा बाणा! उलगडली. दोनच शब्द : 'बाक खाली.' मी सळई तो बाक, म्हणजे वाकलेला भाग, वर करून बसवली होती. नॉब आत गेला की तो बाक अडायचा आणि झडप तिथंच थांबायची. सळई उलटी करून क्लिप लावली, नानांनी पुन्हा गाडीत बसून नॉब ढकलला, आणि झडप सताड उघडली. हॉर्न काही वाजला नाही. आतून आवाज आला, "उघडली का हो?"

त्या "हो"ने माझं काय झालं, मला सांगता येणार नाही. मी तिथंच बोलून टाकलं. "नाना, ती गॅस्केट मीच चुकीच्या मापाची मागितली होती."

आता पाटीकडे येतो. त्याच्या तीन वर्षं आधी मी तोंडी मागून इंजिनच्या जोडात बसवलेली ती गॅस्केट मापात नव्हती, आणि गाडी तेल गळत परत आली होती. मालकांनी अंगणात सगळ्यांदेखत विचारलं, आणि मी म्हणालो, "स्टोअरमधूनच चुकीची आली." मालकांनी नानांना नको नको ते ऐकवलं. नाना ऐकून स्टोअरमध्ये परत गेले. दुसऱ्या दिवशी ती पाटी लागली. तेव्हा मंडळी, तुम्ही नानांना घातलेल्या सगळ्या शिव्या माझ्या नावावर करा.

गाडीत बसलेले नाना तेव्हा काय म्हणाले? "मला माहीत होतं. सांगितलंत, बरं केलंत. पण त्या दिवशी अंगणात चौदा माणसं होती."

बस्स. पुन्हा कधी विषय काढला नाही. आम्ही बोलायला लागलो, हसायला लागलो. बाई वेळेवर इस्पितळात पोहोचल्या. बहीण गाडीत बसता बसता म्हणाली म्हणे, "हिला तू माझ्यापेक्षा बरं सांभाळलंस."

आणि मी मात्र सहा वर्षं दिवस ढकलत राहिलो. कधी मालक रागात, कधी काम जास्त, कधी पगारवाढ तोंडावर. कारणांना काय तोटा? पण उद्या खिडकीत नाना नसतील. म्हणून आज बोलतोय. मालक, त्या दिवशी तुम्ही नानांना जे बोललात, ते मला बोलायला हवं होतं. खोटं मी बोललो होतो. त्या चौदांपैकी अकरा जण इथं समोर आहेत. उरलेल्या तिघांचे नंबर मी काढून ठेवलेत, त्यांना उद्या सकाळी फोन करतो.

वहिनी, डोळे पुसू नका, नाहीतर मलाही... मालक, तुम्ही का उठलात? बसा ना. नाही? बरं, मग नानांकडेच जा.

भाषण लांबलं, आपण शांतपणे ऐकलंत, आपले आभार. आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते घड्याळ बघून सांगू नका. बोलण्याच्या भरात कोणाला काही लागलं असेल, तर पोटात घाला. आणि एक विनंती. टाळ्या लगेच वाजवू नका. मालक नानांचा हात धरून काहीतरी बोलताहेत, ते नानांना नीट ऐकू द्या.