मावंद्याचा डबा

— नाही, राहू द्या तुमची पिशवी तिथंच, डबा मी मांडीवर घेतो. वास येऊन राहिला ना? भरीत आहे. सकाळी कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगे भाजले अन् निघाली हिवरखेडहून, आता इथं अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागन तवा लागन. दिराच्या घरी मावंदं आहे — सासूले काशी करून आनली ना त्यायनं, म्हनून गंगेच्या पान्याची पूजा अन् मंग जेवनं. हॉल घेतला, केटरर सांगितला, जिलबी आहे म्हने. मंग मी भरीत कावून नेऊन राहिली? तेच तर सांगतो.

माणिकबाई, माझी सासू, ती माझ्यापाशी राहते, मी लग्न होऊन आली तवापासून. गुडघे मी चोळतो, दवाखाना मी करतो, रात्री खोकली तर उठतो मीच. अन् काशीले गेली कोनासंगं? साधनासंगं. धाकटी जाऊ माझी, अमरावतीले शाळेत मास्तरीन — सनाले येते, बुढीले साडी नेसवते, फोटो काढते, जाते. तिथून रोज मोबाइलवर व्हिडिओ. बुढी नावेत बसली, साधनाचा हात तिच्या गळ्यात. बुढी घाटावर आरती पाहून राहिली, साधना बाजूले. बुढीच्या हातात कालभैरवाचा काळा गंडा, बांधून कोन राहिलं, तर साधना. मी गोठ्यात उभी राहून पाहो. पाहू नये वाटे अन् पुन्हा पाहो. जळली मी, बाई, खोटं कायले सांगू?

— मले? इचारलं होतं तसं. श्यामभाऊचा, दिराचा, फोन आला, वहिनी येता का म्हने. मी म्हनलं, नाही बा, ढोरायले कोन पाहीन. पन हे काय इचारनं झालं? पहिल्या बोलावन्यावर कोनी हो म्हनते का? आपल्याकडं दुसऱ्यांदा म्हना लागते, तिसऱ्यांदा हात धरा लागते. हे तिकिटं काढून मोकळे! अन् बुढी तिथंच बसली होती खाटेवर, तिनंबी म्हनलं नाही, कौशल्या, चाल.

बरं, गेले तर गेले. आता काशीले गेलं की खायाची एक वस्तू जन्मभरासाठी सोडा लागते, माहीत आहे ना तुमाले? गंगेचं पानी ओंजळीत घेऊन. आवडीची सोडाची म्हनतेत, पन सोडते कोन? आमच्या शेजारच्या गंगूबाईनं कारलं सोडलं, तिनं जन्मात कारल्याले तोंड लावलं नव्हतं. साधनानं सीताफळ सोडलं, तिले त्यानं सर्दी होते. सारे असंच करतेत, नावडतं ते गंगेच्या गळ्यात बांधतेत. अन् बुढीनं काय सोडावं? वांग्याचं भरीत! साधनानंच फोनवर सांगितलं, हसून हसून — ताई, आता वांगे भाजाचा तुमचा ताप गेला.

म्हनजे इतके वर्स नाक दाबून खाल्लं का इनं माझ्या हातचं? साधनाच्या घरचं काही नाही सोडलं, बरं. तिचा शिरा नाही सोडला. सोडलं ते माझं. म्हनून हा डबा. साऱ्या सोयऱ्यायच्या देखत वाढतो तिच्या पानात. म्हनू दे तिच्या तोंडानं, नाही खात. मले ऐकाचं आहे.

— नाही हो, तोंड वाकडं नाही केलं कधी. उलटं, भरीत असलं त्या दिवशी भाकरी जास्तीच्या थापा लागे. ताट बोटानं पुसून खाये. तापात पडली होती मागं, तर पेज लोटून दे अन् म्हने, भाजलेलं वांगं दे थोडंसं. साधनाकडं राहाले गेली होती दिवाळीत, चार दिवस नाही काढले. म्हने त्यायच्या वांग्याले धुराचा वासच नाही, मले घरी ने.

— काय म्हनता? मंग नावडतं कसं?

— नाही, गंगूबाईसारखी नाही ती. बुढी देवापुढं खोटं करनार नाही. एकदा चतुर्थीले चुकून पोह्याचा घास खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास धरला होता तिनं. मी लय म्हनलं, राहू द्या, चालते. नाही म्हने, देवाले फसवू नये. ती कारलं सोडनारी नाही, बाई. ती सोडन तर...

— थांबा जरा.

म्हनजे आता खानार नाही ती. कधीच नाही. मी कितीबी भाजो. साधनाचं काय हो, साधनानं नेली अन् आनून दिली. ही गंगामाय कोन लागून गेली, माझ्या हातचं ठेवून घेनारी?

— हो, अमरावतीचीच आहे. चढा तुमी, खिडकी पकडा. अन् हा डबा घ्या. घ्या म्हनतो ना, कोमट आहे अजून, भाकरीबी आहे खाली. मले नाही नेता येत आता हा तिच्या पानापुढं. नाही, तुमच्याजवळ नाही बसत, मी मागं बसतो. डबा धुवू नका, तसाच द्या उतरताना. अन् बोलू नका आता माझ्यासंगं.