ठिपका सरकला

गंगापूर रोडवरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात उत्तराताई दुखरा खांदा धरून बसल्या होत्या. शेजारी सिन्नरचे रंगनाथअप्पा आणि त्यांची लेक आरोही, मध्ये लॅपटॉप.

"अप्पा, हे बटण दाबा. ठिपका सरकंल."

"अगं, लय पळतोय! पार पडद्याच्या बाहेर गेला."

"लकव्यानं बोट लवकर उचलत नाय ना तुमचं, म्हणून. थांबा, प्रोग्राम बदलते. आता कितीबी दाबून धरा, एकदाच सरकंल."

"मंग पुढं न्यायचा कसा?"

"बोट उचलून परत दाबायचं."

"तेच तर व्हत नाय, बाय."

"मला घाई नाय, अप्पा."

बऱ्याच वेळानं,

"आरोही... बोट उचललं! परत सरकला बघ!"

दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी दारातून हाक दिली, "उत्तराताई, आत चला."

"आधी दुसऱ्या कुणाला घ्या हो. मी बघतेय."