अकरा मैलांचा चहा

पौषातली गार सकाळ होती. अलिबागच्या एस.टी. स्टँडवर रेवदंड्याच्या गाडीला रांग लागली होती. टिल्लू मास्तरांच्या पुढ्यातच येसूबाई उभी होती आणि तिला गाडीत बसवायला आलेला जावई दिनानाथ, सायकल धरून. मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं खरं, पण वाचलं एक अक्षर नाही.

"तीन दिस दोन कप चहा टाकला, जावईबापू. एक रोज गार झाला. आज पहिली गाडी धरून इकडं आले. म्हटलं, आजारी पडलात का काय."

"आजार कसला, मामी! पहाटं अंगावरचं कांबळंच सुटत न्हाय. बाहेर पडावं तर वारा तोंडावर."

"शिमग्याला सायकलची शर्यत कोणाची हाय? माझी?"

"गेल्या साली शेवटून दुसरा आलो. तुमच्या दारापर्यंत रोज अकरा मैल मारून काय उपेग?"

"चहा तिथंच मिळंल. लेकीला, कमळीला सांगून ठेवलंय, घरी आधण ठेवायचं न्हाय."

"म्हंजे हे तुमचं काम! ती म्हणते, साखर संपली."

"साखर माझ्याकडं हाय."

गाडी आली. रांग हलली. येसूबाईचा पाय मात्र पायरीवरच अडला.

"एक विचारू? शर्यत झाल्यावर... मंग पण याल का पहाटचे?"

दिनानाथनं सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली.

"शर्यत दर सालाला असते, मामी. उद्या चहात आलं जरा जास्त टाका."