मालकांच्या दगडावरचा शब्द

न्हाई दादा, छिन्नी ठेवा जरा खाली — नाव बरोबर हाय मालकांचं, शांतवन, तारखाबी बरोबर — मी त्या खालच्या शब्दाचं म्हनते. 'मननशील'. तुमी इचारलंत म्हंजी काय, तर सांगते. मातीच्या दिवशी फादर बोलले हा शब्द, सगळ्यांनी माना हलवल्या. म्हंजी खोल इचार करनारा मानूस. आता तसे हुते का — तर हुतेच की. बांधाचं भांडन असू द्या, सोयरीक असू द्या, गाव आमच्या दारात. आन् हे खाटंवर बसून, हनुवटी मुठीत धरून — "इचार करून सांगतो." लोकांना त्यातच बरं वाटायचं, घरी जाऊन आपापसात मिटवून टाकायची. घरातल्यांनी कुटं जायचं?

ती रिक्षात बसलीय ना, ती माझी लेक, शॅरन. संगमनेरचं स्थळ आलं हुतं, मुलगा मास्तर, तिच्या मनात भरला हुता. हे म्हनले, इचार करतो. नाताळ गेला, ईस्टर गेला, इचार चालूच. शेवटी त्या मुलाच्या लग्नाची पत्रिकाच आली घरी — तवा हे म्हनले, "मुलगा चांगला हुता, मी हो म्हननार हुतो." शॅरन ताट वाढत हुती. तसंच वाढलं तिनं. पर त्या दिवसापासनं बापाशी एक शब्द बोलली न्हाई, आन् यांच्या ते ध्यानातबी आलं न्हाई.

माझं? माझं काय — हितं काखेजवळ गाठ आली, हरभऱ्याएवढी. म्हनलं, नगरला दाखवून येऊ. "घाई नको, कुठल्या डाक्टरला दाखवायचं त्याचा इचार करू." एकटीनं जायचं तर — नवरा इचार करतोय आन् बाई निघाली, असं कुटं व्हतं का आमच्यात. हे वारल्यावर गेले मी नगरला. डाक्टर म्हनले, लई उशीर केला आजी. न्हाई, दुखत न्हाई फारसं. असं बघू नका माझ्याकडं. शॅरनला म्हाईत न्हाई.

फादर म्हनत्यात, पटत न्हसंल तर दुसरा शब्द घालू. नको, हाच कोरा. खोटं कुटं हाय, जल्मभर तेवढंच तर केलं त्यांनी. फकस्त खालचा निम्मा दगड मोकळा सोडा. माझ्यामागं दुसऱ्या दगडासाठी एकटीनं हेलपाटं घालावं लागतील शॅरनला. न्हाई, माझ्या नावाखाली काय नको. नुसतं नाव.

आली बघा ती. घ्या, घ्या छिन्नी हातात — तिच्यासमोर काय बोलू नका.