भाकरीवरचा निबंध

अगं, माझी मामेबहीण कुसुम मॅट्रिकला बसणार की बोहल्यावर चढणार, यावरून घरात नुसतं रण माजलं होतं. परीक्षा आठवड्यावर आलेली, आणि मामांनी मोहोळचे पाहुणे बोलावले! "पसंत पडली तर परीक्षा नाही," असं बजावलंसुद्धा.

मी तिच्याकडून निबंधाची उजळणी करून घेत होते. विषय कुठलाही येवो, आधी प्रस्तावना, मग फायदे, मग तोटे, शेवटी तात्पर्य. बिचारी जेवतानाही तेच पुटपुटायची.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "बाळ, भाकरी येती का तुला?"

कुसुम घाबरली आणि सुटलीच! "भाकरी हा सोलापूरकरांचा प्राण आहे. भाकरीचे फायदे अनेक आहेत. ती पोटाला आधार देते, प्रवासात टिकते. परंतु तिचे तोटेही आहेत. ती थापण्यात मुलींचा अभ्यासाचा वेळ जातो."

मामांनी डोळे वटारले. मामी तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. पाहुणे मात्र पुढं सरकून बसले.

"व्हय? मग करावं काय म्हणतीस?"

"तात्पर्य, मॅट्रिक होईपर्यंत भाकरी खावी, थापू नये!"

पाहुणे खो खो हसत सुटले. "पोरगी लई हुशार हाय की! पाव्हणं, आदी परीक्षेला बसवा तिला. लगनाचं पुढल्या साली बगू."

महिनाभर मी घसा कोरडा केला, तेव्हा मामा ढिम्म हलले नव्हते. आता मान डोलावत म्हणतात कसे, "मीही पहिल्यापासून हेच सांगतोय!"